माळकऱ्याने हिशेब ठेवावा



आज मी तुमच्याशी भांडायला बसलो आहे. चाळीसहून अधिक वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, तुम्ही गोड मानून ऐकून घेतले. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, आवाज वरच्या पट्टीला जात नाही, म्हणून लेखणी धरली आहे. कीर्तनात श्रोत्याला दुखवायचे नाही असा संकेत असतो. लेखात ती सवलत मी तुम्हाला देणार नाही, आणि स्वतःलाही देणार नाही.

भांडण एका वाक्यावरून आहे. ते वाक्य मी गावोगाव ऐकले, दिंडीत ऐकले, पंगतीत ऐकले, आणि खरे सांगायचे तर गादीवरून स्वतः उच्चारलेही. ‘आपण माळकरी माणसं. पैशाचा हिशेब आपल्याला कशाला? पांडुरंग पाहून घेईल.’ ऐकायला हे वाक्य वैराग्याचे वाटते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आळसाचे असते, कधी भीतीचे असते, आणि कधी तर दुसऱ्याचे देणे बुडवण्याची ती पूर्वतयारी असते. आपण आपल्या बेफिकिरीला वैराग्याचे उपरणे पांघरतो आणि पांडुरंगाला आपला जामीनदार करतो. देवाने कधी त्या कागदावर सही केली होती?

आता संतांकडे जाऊ, कारण आपले शेवटचे प्रमाण तेच.

नाथमहाराजांची कथा तुम्ही शंभरदा ऐकली आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी एका पैचा मेळ लागेना. रात्र झाली, दिवा लावला, सगळे झोपले, नाथ वहीवर बसून राहिले. उत्तररात्री चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची केवढी मोठी चूक चालली आहे ती सापडली तर किती होईल! आम्ही कीर्तनकार या कथेचा उत्तरार्ध घोळून घोळून सांगतो. पूर्वार्ध दोन वाक्यांत उरकतो. पण माऊली, विचार करा. गुरूंनी उपदेश कोणाला केला? वही बाजूला टाकून समाधी लावून बसलेल्याला नव्हे. एका पैसाठी रात्र जागणाऱ्याला केला. ज्याला पैची चूक सलते, त्यालाच जन्माची चूक सलेल. ज्याला हजारांची चूक सलत नाही, त्याला जन्माची काय सलणार?

दुसरी कथा तुकोबारायांची. हिचा जेवढा गैरवापर होतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच कथेचा होत नसेल. ‘तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली’ असे म्हणत सोसायटीचे कर्ज न भरणारे माळकरी मी पाहिले आहेत. त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, ती खते कोणाची होती? लोकांकडून तुकोबांना येणे होते, त्याची. तुकोबांनी स्वतःचे देणे बुडवले नाही, स्वतःचे येणे सोडून दिले. येणे सोडणे हा त्याग आहे, देणे सोडणे ही चोरी आहे. एका अक्षराचा फरक नाही, आकाशपाताळाचा आहे. दुसरा प्रश्न, त्यांनी सगळी खते बुडवली का? नाही. आधी वाटणी केली. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, हवाली केली आणि फक्त आपल्या वाट्याची नदीत सोडली. वैराग्याच्या त्या ऐन क्षणीही दुसऱ्याचा वाटा त्यांनी मोजून वेगळा काढला. मोजल्याशिवाय अर्धे होते का? मग त्यागाच्या आधीही हिशेबच आला.

तिसरे दामाजीपंत. मंगळवेढ्याची धान्याची कोठारे त्यांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी मोकळी केली, आणि विठू महार होऊन देवाने बादशहाकडे रक्कम भरली. ही कथा ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येते ते देव धावून आला म्हणून. पण कथेतला देवसुद्धा रक्कम भरून पावती घेतो, हे आपण विसरतो. पंढरीचा राणा पावतीशिवाय व्यवहार करत नाही, आणि आपण मात्र लाखाचा व्यवहार तोंडी करून वर म्हणतो, ‘विश्वासावर आहे.’

आता माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. जिजाईंचा.

तुम्ही ओळखलेच असेल. उसाची मोळी घेऊन तुकोबा घरी निघतात, वाटेत मुले ऊस मागतात, घरी येईपर्यंत एक ऊस उरतो, जिजाई तो त्यांच्या पाठीत घालते, उसाचे दोन तुकडे होतात. हा प्रसंग मी इतका रंगवत असे की मांडव हसून लोटपोट व्हायचा. जिजाईंचा आवाज काढायचो, कंबरेवर हात ठेवायचो. टाळकरीसुद्धा टाळ थांबवून हसायचे.

एकदा आमच्याच गावच्या सप्ताहात ते झाले. रात्री घरी आलो तर सौभाग्यवती चुलीपाशी बसलेली. ती म्हणाली, “अहो, आज तुम्ही सगळ्यांना हसवलंत. मी हसले नाही.” मी विचारले, का? ती म्हणाली, “घरात पीठ किती दिवसांचं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. तिने सांगितले, “चार दिवसांचं. मला रोज ठाऊक असतं. जिजाईलाही ठाऊक असणार.”

माऊली, त्या रात्री मला झोप लागली नाही. जिच्या घरात दुष्काळाने सवत अन्नावाचून गेली, जिने लेकरे सांभाळली, जी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढली, तिला आम्ही कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचा विषय केले. का? तर तिने कणगीत डोकावून पाहिले म्हणून. तुकोबा जनाचा संसार पाहत होते, तेव्हा घरचा संसार पाहणारे कोणीतरी होते, म्हणून ती गाथा उभी राहिली. आपल्या घरातही एक जिजाई असते. तिच्याकडे पिठाच्या डब्याचा हिशेब असतो, आपल्याकडे कर्जाचा असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. किती घरांत मी पाहिले आहे, घरधनी गेल्यावर दहाव्याच्या आत दारात माणसे उभी राहतात आणि त्या माऊलीला तेव्हा कळते की जमीन तारण होती. जिवंतपणी बायकोला देणे न सांगणारा माळकरी खोटे बोलला नाही असे म्हणता येईल का? मौन हेही खोटेच आहे.

दुसरा अपराध याहून जड आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी एका गावी वर्षश्राद्धाचे कीर्तन होते. माळकरी घर, साडेतीन एकर कोरडवाहू. वडिलांच्या नावाने सबंध गावाला जेवण, मोठा मांडव, आणि मी. मी बिदागी घेतली ५,१०० रुपये. कीर्तनाच्या शेवटी गादीवरून बोललो, “पुत्र असावा तर असा! बापाच्या नावाने गावाच्या मुखात घास घातला.” टाळ्या पडल्या. तो माणूस हात जोडून उभा होता.

पुढे दोन वर्षांनी कळले. त्याने दीड लाख रुपये शेकडा तीनने काढले होते. ‘शेकडा तीन’ हे शब्द फार गरीब दिसतात. म्हणजे महिन्याला ४,५०० रुपये, वर्षाला ५४,००० रुपये, दोन वर्षांत १,०८,००० रुपये, आणि मुद्दल दीड लाख जसेच्या तसे. वर्षाला छत्तीस टक्के. अखेर रस्त्याकडेची २० गुंठे विकून तो मोकळा झाला. ज्या बापाच्या नावाने जेवण घातले, त्याच बापाने राखलेली ती जमीन.

मी बिदागी परत करायला गेलो. तो म्हणाला, “महाराज, तुमचं काही चुकलं नाही. पण त्या दिवशी गादीवरून माझं नाव घेतलं नसतंत, तर पुढच्या साली आमच्या भावकीतल्या दोघांनी तेच केलं नसतं.” पैसे त्याने घेतले, मोजले आणि माझ्यादेखत वहीत जमा मांडले. वही ठेवायला तो तेव्हा शिकला होता, जमीन गेल्यावर. माझ्या एका वाक्यावर तीन घरे व्याज भरत होती, आणि मी मात्र पुढच्या गावी पैसा म्हणजे माती असे निरूपण करत होतो.

म्हणून आता माझ्या व्यवसायबंधूंना विचारतो. पैसा माती आहे असे आपण सांगतो, मग बिदागी ठरवताना त्या मातीचे वजन इतके काटेकोर का करतो? कीर्तनाच्या ठिकाणी अन्नसुद्धा घेऊ नये इथपर्यंत आपल्या संप्रदायाचा दंडक सांगितला जातो. मी तो पाळला नाही, बिदागीवर मुले शिकवली, हे लपवत नाही. कीर्तनकारालाही पोट आहे. पण पोट आणि भाव यांत फरक आहे. आणि ज्याच्या घरून बिदागी घेतो त्याने ती कुठून आणली, हे न विचारता त्याच्या उधळपट्टीला दातृत्व म्हणणे हे पाप आहे. देणगीचा आकडा वाचून नाव पुकारणे बंद करा. ज्याचे ५१ रुपये आहेत तो त्या पुकाऱ्याने खाली मान घालतो आणि पुढच्या वर्षी उसने काढून १,००१ देतो.

तुमच्यातले काही म्हणतील, ‘महाराज म्हातारपणी वाणी झाले. वारकऱ्याला दुकानदारी शिकवतात.’ तसे नाही. आपला पंथ घर सोडणाऱ्यांचा नव्हे, घरात राहून नाम घेणाऱ्यांचा आहे. सावतोबांचा मळा, गोरोबांचे चाक, सेना महाराजांची धोकटी, नामदेवरायांची सुई. नरहरी सोनार तर तराजूवर बसले. गुंजभर सोने इकडचे तिकडे झाले तर सोनाराची अब्रू जाते. या मंडळींनी हातातले काम चोख ठेवले आणि मन पंढरीला ठेवले. धन चोख वाटेने मिळवावे आणि खर्चताना मन त्यात गुंतू देऊ नये, असे तुकोबांनीच सांगितले आहे, तो अभंग तुम्हाला पाठ आहे. लोभी माणूस पैशाकडे सारखा पाहतो, बेफिकीर माणूस मुळीच पाहत नाही. दोघेही अखेर पैशाच्या तावडीत सापडतात. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला हरिपाठात हप्ताच आठवतो. ऋणमुक्त माणसाचेच मन नामाला मोकळे असते.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. ‘हातात पैसाच नाही, तर हिशेब कसला ठेवायचा?’ माऊली, मी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले आहेत. वहीत लिहिल्याने पाऊस पडत नाही, कांद्याला भाव मिळत नाही, हे मला कळते. दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी काढलेल्या कर्जाबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. ते संकट आहे. पण गरिबालाच हिशेबाची जास्त गरज आहे, कारण त्याची चूक पचवायला मागे काही नसते. गावोगाव होते ते असे. पेरणीसाठी काढलेले पीककर्ज लग्नाच्या मांडवात जाते. मुदतीत फेडले असते तर व्याजाची सवलत मिळाली असती, ती जाते. खाते थकीत पडते, पुढच्या हंगामाला बँक दारात उभे करत नाही, मग पाय सावकाराकडे वळतात. हे सगळे पावसाने केले नाही. डीजेने केले, जेवणावळीने केले, ‘लोक काय म्हणतील’ने केले.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हिसकावून जाळली. तो वणवा पुणे-नगर भागात पसरला आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या बिचाऱ्यांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे दिले होते. आज आमची मुले शिकली आहेत, वाचता येते, आणि तरी मोबाईलवर ‘मान्य आहे’ या चौकोनावर न वाचताच अंगठा ठेवतात. चार मिनिटांत कर्ज येते आणि हप्ता चुकला की त्याच मोबाईलमधल्या पाहुण्यारावळ्यांना फोन जातात. अंगठा तोच, कागद तेवढा बदलला.

म्हणून काही गोष्टी साध्या शब्दांत सांगतो. कोणी ‘महिना फक्त एक टक्का’ म्हणाला तर विचारा, कशावर? लाख रुपये घेतले, वर्षभर हप्ते फेडले, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लावले, तर बारा टक्के म्हणून सांगितलेले व्याज खरे एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जाते. सावकाराकडे परवाना आहे का, ते पाहा. २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम, तोही ठाऊक असू द्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. आणि गळ्यात माळ, कपाळी बुक्का लावून कोणी ‘वर्षात दुप्पट’ सांगू लागला तर त्याच्या पाया पडा, पण पैसे देऊ नका. माळ पाहून नमस्कार करावा, ठेव ठेवू नये.

आता व्रत. आपण एकादशी करतो. खरे म्हणजे अनेकांची एकादशी, दुप्पट खाशी अशीच असते. मी म्हणतो, महिन्यातल्या दोन्ही एकादशींना हरिपाठ झाल्यावर अर्धा तास वही घेऊन बसा. दहा रुपयांची वही पुरे. आले किती, गेले किती, देणे कोणाचे, येणे कोणाकडून. घरातल्या माऊलीला शेजारी बसवा, तिला प्रत्येक देणे ठाऊक असू द्या, मोठ्या मुलालाही. पहिल्या महिन्यात लाज वाटेल. वाटू द्या. गळ्यात माळ आणि गालात तंबाखू असणाऱ्याला कळेल की रोजच्या २० रुपयांचे वर्षाला ७,३०० होतात. तेवढ्यात दिंडीची भिशी भरून वर काही उरेल.

आपल्या दिंडीत भिशीचा पैन्‌पै हिशेब मागायला आपण चुकत नाही. तांदूळ किती लागला, टँकरला किती गेले, ट्रकचे भाडे किती, सगळे विचारतो. मग वर्षातल्या उरलेल्या दिवसांत आपल्याच घरच्या दिंडीला तो नियम का नाही? सप्ताह कमिट्यांनीही काल्याच्या दिवशी प्रसादाआधी जमाखर्च मोठ्याने वाचावा. आणि जो कर्जात आहे त्याच्या दारात वर्गणीची पावती घेऊन उभे राहू नये. त्याने टाळ धरला, पंगत वाढली, मांडव झाडला, तर त्याची वर्गणी पोहोचली.

आमची मंडळी जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत अकरा वह्या निघाल्या. मी कुठल्या गावाहून किती आणले, त्यातले किराण्याला किती, मुलांच्या फीला किती, वारीला किती, सगळे तिच्या मोडक्या अक्षरात. तिला जोडाक्षरे नीट येत नसत, बेरीज मात्र कुठे चुकलेली नाही, मी सगळी तपासली. एका पानावर नुसतेच लिहिले आहे, ‘आज दुकानदाराचे सगळे फिटले.’ पुढे रक्कम नाही. मी आयुष्यभर लोकांना मोक्ष समजावून सांगत फिरलो. त्या ओळीत तिला काय वाटले असेल, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या एकादशीला वही काढा, माऊली. पहिली ओळ देण्याची लिहा.

रामकृष्ण हरि.